राहिलेली सही

मृग लागून आठवडा झाला होता. पावसाची एक मोठी सर नुकतीच ओसरली होती आणि आम्ही सोप्यावर बसून पागोळ्यांखाली अंगणात पडलेल्या खळग्यांकडे पाहत होतो. इतक्यात फाटकाशी दोन छत्र्या दिसल्या. छत्र्या दोन, हीच गोष्ट प्रथम डोळ्यांस खटकली. त्या दोघांना आम्ही वीस वर्षे ओळखतो. पावसात कधी आली तर एकाच छत्रीखाली यावयाची, आणि दोघांचाही एकेक खांदा भिजलेला असावयाचा. त्या दिवशी दोघेही कोरडी होती.

तो सोप्याच्या एका टोकाला बसला, ती दुसऱ्या. चहा आला, तो तसाच निवला. मग तो म्हणाला, "मास्तर, घराचो वांटो करपाचो आसा. मदीं तुमी रावात." ती काही बोलली नाही. मान मात्र हलवली.

ह्या दोघांची नावे येथे देण्याचे कारण नाही. तो पेडणे महालातला, आमच्या गावापासून मैल-दोन मैलांवरच्या वाड्यावरचा, ती डिचोलीकडची. तो डिचोलीच्या एका खाणीवर वजनकाट्यापाशी कारकून होता आणि ती परिचारिका. तेथेच त्यांची गाठ पडली. २००३ साली ती दोघे एकत्र आली, पुढच्या वर्षी पेडण्याकडे साडेतीनशे चौरस मीटर जागा घेतली, आणि २००५ साली तेथे चिऱ्याचे घर उभे राहिले. चार खोल्या, पुढे वसरी, मागे बांय, अंगणात तुळस. जागेचे विक्रीपत्र दोघांच्या नावे होते. त्या काळी आमच्या भागात इतक्या तरुण बाईचे नाव विक्रीपत्रावर पाहून आम्हांस कौतुक वाटले होते, हे नमूद केले पाहिजे. कारण ह्या प्रकरणात कौतुकाखेरीज आम्ही आणखीही काही केले होते. ते पुढे येईलच.

वाटण्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. पहिली पाहिली ती आमच्याच घरची. आजोबा वारल्यावर वडील आणि दोन काका वेगळे झाले तेव्हा आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो. पाच पंच राजांगणात घोंगडीवर बसले. माड मोजले, आंब्याच्या फांद्यांवर वाद झाला, पाण्याचा हंडा कोणाकडे आणि भात कांडावयाचे मुसळ कोणाकडे, हेही ठरले. स्वैंपाकघरात मधोमध मातीची भिंत आली. ती इतकी घाईने घातली होती की तिच्या ओल्या अंगावर गवंड्याच्या बोटांचे ठसे कित्येक वर्षे दिसत होते. घरात एकच लांब शिडी होती. ती कोणालाच सोडवेना, म्हणून ती 'सामायिक' राहिली आणि पावसाआधी कौले परतण्याच्या दिवसांत तिच्यावरून दरवर्षी नव्याने भांडण होई. परंतु देवघराला कोणी हात लावला नाही. चवथीचा गणपती व्हडल्या घरात एकच यावयाचा, माटोळी एकच बांधावयाची, आणि ज्यांचे वर्षभर बोलणे नसे ते दोघे काका त्या दिवशी माटोळीचे नारळ बांधताना एकमेकांस दोरी धरावयास सांगत. भावाभावांची वाटणी ही अशी असते. भिंत येते, पण भिंतीखालचा पाया एकाच आजोबाने घातलेला असतो. पंच बसतात ते त्या आजोबाच्या वतीने.

आमच्या सोप्यावर बसलेल्या दोघांना असा कोणी आजोबा नव्हता. त्यांच्या घरापुरते मूळ पुरुष आणि मूळ स्त्री तेच होते. मूलबाळ झाले नाही. त्याच्या आईला तिने अखेरची चार वर्षे सांभाळले आणि ती माउली गेल्यावर त्या घरात दोघेच उरली. दोघांत काय बिनसले ते आम्ही विचारले नाही. मध्यस्थाने कारणे विचारू नयेत असे आमचे मत आहे. कारणे कळली की मन एकीकडे झुकते.

प्रथम त्यांनी घर विकण्याचे ठरवले होते. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि ज्या पेडण्यात पूर्वी कोणी मुलगी द्यावयास कांकूं करी तेथल्या जागेला परप्रांतातून गिऱ्हाइके येऊ लागली. एका दलालाने चोपन्न लाखांचा देकार आणला. कागदपत्रे गिऱ्हाइकाच्या वकिलाकडे गेली आणि दोन दिवसांनी वकिलाने निरोप पाठवला: विक्रीपत्रात तुम्ही पतिपत्नी म्हणून लिहिली आहात, तेव्हा विवाहाच्या नोंदीचा दाखला आणा.

दाखला नव्हता. शोधावयास गेली तेव्हा कळले की दाखला नव्हता कारण विवाहच नव्हता.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी येथे थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विवाहाचा नवा कायदा झाला. त्या कायद्याने विवाह हा दिवाणी करार ठरला. तो आमच्याकडेही लागू झाला. पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला, आणि १९६२ च्या कायद्याने पूर्वीचे कायदे, बदलले जाईपर्यंत, चालू राहिले. म्हणून येथे देवळातले लग्न हे देवाच्या दप्तरी लग्न असते. सरकारच्या दप्तरी लग्न होते ते सहीने. आणि ती सहीही एक नव्हे, दोन. पहिल्या खेपेस वधूवरांनी नोंदणी कचेरीत जाऊन लग्न करण्याचा इरादा जाहीर करावयाचा. मग नोटीस लागते. ठरावीक मुदतीत कोणाची हरकत आली नाही की पुन्हा जावयाचे आणि संमतीची दुसरी सही करावयाची. लग्न होते ते ह्या दुसऱ्या सहीने. पहिली ही नुसती सुपारी. पण लोकांच्या बोलण्यात 'सही झाली' म्हणजे लग्न झाले, असेच चालते. पहिली सही करून आलेली मंडळी पेढे वाटतात, देवळात माळा घालतात, संसाराला लागतात, आणि दुसरी राहून जाते. कित्येक ठिकाणी ती मुद्दाम राहू दिली जाते. मुलगी पुढे टाकून दिली की तिला कळते की आपण कोणाची बायको नव्हतोच. ही कहाणी गोव्याच्या वकिलांना पाठ आहे.

ह्या दोघांचे मुद्दाम काही नव्हते. आम्ही त्याला विचारले, "दुसरी सही केन्ना केली?" तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "ती रावलीच, मास्तर."

आता आमची गोष्ट. २००३ साली पहिल्या सहीच्या दिवशी त्यांच्यासोबत कचेरीत आम्ही गेलो होतो. त्याचे वडील पूर्वीच वारले होते, तिच्या घरचे रुष्ट होते. कोणी वडीलधारे माणूस हवे म्हणून त्याने आम्हांस विनवले. तो आमचा विद्यार्थी. कचेरीतल्या बाकावर आम्ही तिघे दीड तास बसलो. सह्या झाल्यावर समोरच्या हॉटेलात चहा घेतला आणि आम्ही, वर्गात धडा संपवावा तशा थाटात, म्हणालो, "आता तुम्ही नवराबायको झालात." पुन्हा यावे लागेल असे कारकून पुटपुटला होता. ते आमच्या कानांवर पडले होते. आम्ही ते आणखी कसला तरी कागद असेल अशा समजुतीने सोडून दिले. चाळीस वर्षे मुलांना वाचावयास शिकवले आणि एक नोटीस स्वतः वाचली नाही! तेव्हा ह्या वाटणीत मध्यस्थ म्हणून बसण्याचा आम्हांस अधिकार होता की नव्हता हे वाचकांनीच ठरवावे. आम्ही त्या दोघांना ही गोष्ट सांगितली. तिने थोडे हसून म्हटले, "मास्तर, तुमी आमकां सांगलें म्हूण आमी मानलें. ताका आतां वीस वर्सां जालीं."

दुसऱ्या सहीने काय बदलले असते? पुष्कळच. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची सगळी मिळकत एक होते. आधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली. आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. हे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचे तत्त्व. गंमत अशी की पोर्तुगालने ती संहिता १९६६ साली टाकून नवी केली, आणि आम्ही मात्र, ज्यांचे राज्य १९६१ साली घालवले त्यांचा जुना ग्रंथ जपून ठेवला. २०१६ साली अमलात आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्याने त्यातला बराच भाग नव्याने मांडला. पण निम्म्या वाट्याचे तत्त्व सुटलेले नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. घरकाम करणाऱ्या बाईलाही ते निम्मी मालकीण मानते. पण हे सगळे दरवाजाच्या आतले. ह्या दोघांच्या बाबतीत दरवाजाच उघडला गेला नव्हता. कायद्यापुढे ती एका जागेचे दोन सहमालक होती, इतकेच.

आमचे एक वकील स्नेही डिचोलीस असतात. त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी सांगितले ते असे: विक्रीपत्रात हिस्से लिहिलेले नसतील तर १८८२ च्या संपत्ती हस्तांतरण कायद्याप्रमाणे ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि पैशांचा पुरावा नसेल तर दोघांचा समान. सहमालकाला कायमचे सहमालक राहण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. हे तत्त्व जुन्या पोर्तुगीज संहितेतही होते, आणि एकाने आपला हिस्सा परक्याला विकावयाचा ठरवल्यास त्याच किमतीला तो घेण्याचा पहिला मान दुसऱ्या सहमालकाचा, हेही तीत होते. हिस्से पाडता येत नसतील तर न्यायालय विक्रीकडे वळते. घराबाहेर काढले जाण्याचा प्रश्न आलाच तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही तो आसरा देतो, आणि तसे नाते कोणते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० व २०१३ साली सांगून ठेवले आहे: किती वर्षे एकत्र होती, पैसा एकत्र होता का, घर एक होते का, चारचौघांत काय म्हणून वावरत होती. ह्या सगळ्या कसोट्यांना आमची जोडी उतरली असती. पण त्या कायद्याने राहण्याचा हक्क मिळतो. मालकी मिळत नाही.

"दाव्याला किती वर्षे लागतील?" आम्ही विचारले. वकील स्नेही खिडकीबाहेर पाहू लागले.

मग हिशेब मांडावयाचे ठरले. शाळेतली जुनी रेघांची वही काढली आणि आठ संध्याकाळी आमच्या वसरीवर ते दप्तर चालले. जागा १ लाख ४० हजारांची. ते पैसे त्याचे. बांधकामाला तिने आपले सोने मोडून १ लाख १० हजार घातले. उरलेल्यासाठी ४ लाखांचे कर्ज काढले, हप्ता ४,१८० रुपये, मुदत पंधरा वर्षे. २००६ च्या जानेवारीपासून हप्ते त्याच्या पगारातून जात. मग २०१२ उजाडले. त्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. डिचोली-सांखळीच्या रस्त्यावर ज्या ट्रकांच्या धुळीला लोक शिव्या देत तेच ट्रक अंगणात गंजू लागले. ह्याचा वजनकाटा बंद पडला. एक्याऐंशी हप्ते त्याचे झाले होते. उरलेले नव्याण्णव तिने भरले, २०२० च्या डिसेंबरापर्यंत. मधल्या काळात तो मिळेल ते काम करी, पण घरात हातावर पैसे ठेवताना त्याचा हात कसा आखडे, हे ती सांगत असता तो उठून अंगणात गेला.

बेरीज केली. त्याचे ४,७८,५८०, तिचे ५,२३,८२०. फरक ४५,२४० रुपयांचा. वीस वर्षांच्या संसारात दोघांपैकी कोणीही कधी हिशेब ठेवला नव्हता आणि आकडे असे जवळजवळ येऊन उभे राहिले. चोपन्न लाखांची विक्री धरली तर पैशांच्या प्रमाणात तिच्या वाट्याला निम्म्याहून सुमारे १ लाख २२ हजार अधिक येत. त्यासाठी भांडावयास दोघांचीही तयारी नव्हती. आम्हांस वाटले, सुटले.

पण वहीत न येणाऱ्या गोष्टी होत्या, आणि खरे अडले ते तेथे. पायाचे चिरे उतरवून घेताना त्याने दोन महिने मजुरासारखे काम केले होते. त्याची मजुरी कोणत्या रकान्यात लिहावयाची? त्याच्या आईचे अंग तिने चार वर्षे पुसले. परिचारिकेच्या दराने त्याचे किती होतील? तिनेच ते लिहू दिले नाही. "तें हांवें आवयचें केलें, घराचें न्हय," म्हणाली. आणि ज्या विमानतळाने दहा लाखांच्या घराचे चोपन्न लाख केले, तो दोघांपैकी कोणीच आणला नव्हता. ती वाढ कोणाची? तिच्यामुळेच तर गोची झाली होती. किंमत वाढली नसती तर दुसऱ्याचा अर्धा हिस्सा विकत घेणे दोघांपैकी एकाला जमले असते. आता सत्तावीस लाख कोण कोठून आणणार? घर इतके मोलाचे झाले होते की त्यात राहणे दोघांनाही परवडत नव्हते.

एकदा प्रत्यक्ष हिस्से पाडण्याचाही विचार झाला. आम्ही खडू घेऊन गेलो आणि वसरीपासून मागच्या दारापर्यंत रेघ ओढली. रेघेच्या ह्या बाजूस स्वैंपाकघर आणि बांय, त्या बाजूस न्हाणी आणि अंगणाची वाट. तुळस नेमकी रेघेवर. तिला पाण्यासाठी त्याच्या हद्दीतून यावे लागणार नव्हते, पण त्याला अंघोळीला पाणी तिच्या हद्दीतून न्यावे लागणार होते. तिघेही त्या रेघेकडे पाहत उभे राहिलो. मग तिनेच ओल्या फडक्याने ती पुसली. कडाप्प्यावर खडूचा पांढुरका डाग मागे राहिला. तो पुढचे कित्येक दिवस दिसत होता.

लग्नावाचूनचा संसार आमच्या गोमंतकाला नवा नाही. देवळांच्या आश्रयाने राहिलेल्या कलावंतिणी आणि त्यांचे यजमान यांच्याविषयी येथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. गायनाची केवढी दौलत त्या घरांनी सांभाळली! आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अशा एखाद्या घराचा विषय निघाला की प्रश्न एकच असे: कागद कोणाच्या नावावर? यजमान असेपर्यंत कोणी विचारीत नसे. तो गेल्यावर त्याच्या घरचे विचारीत. पुढे त्या समाजाने स्वतःच्या हिमतीने ती चाल मोडली आणि शिक्षणाने सन्मान मिळवला. प्रश्न मात्र मागे उरला आहे आणि आता तो नोकरी करणाऱ्या, हप्ते भरणाऱ्या साध्या माणसांच्या दाराशी आला आहे.

आणि तो आमच्याच दाराशी आला आहे असेही नाही. इंग्लंडात जोन्स व कर्नॉट ह्या अविवाहित जोडप्याने १९८५ साली एसेक्स परगण्यात दोघांच्या नावे बंगली घेतली. १९९३ साली तो निघून गेला. मुले, घर आणि हप्ते तिने सांभाळले. भांडण थेट तेथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ साली निकाल लागला, की कागदावर दोघांची नावे असली तरी दोघांच्या वागण्यावरून नव्वद टक्के तिचे, दहा टक्के त्याचे. पोर्तुगालनेही २००१ साली विवाहावाचून एकत्र राहणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. आमच्याकडे मात्र १८६७ चा पोर्तुगाल आहे, २००१ चा नाही. आम्ही हे सगळे त्या दोघांना वाचून दाखवले. तो म्हणाला, "मास्तर, तांकां अठरा वर्सां लागलीं." खरे होते.

ह्यानंतर आम्ही जे केले ते योग्य होते की नाही, ह्याविषयी आजही आमच्या मनाची खात्री नाही. एके संध्याकाळी तो एकटा आला असता आम्ही त्याला म्हटले, "तुझ्या आईवडिलांच्या भाटात तुम्ही तिघे भाऊ. म्हणजे तिसरा हिस्सा तुझा. ती दुसरी सही झाली असती तर त्या तिसऱ्याचा निम्मा, म्हणजे सगळ्या भाटाचा सहावा हिस्सा, आज तिचा असता. तुला जावयास भाट आहे. तिला डिचोलीस कोणी दार उघडणार नाही." तो काही बोलला नाही. उठला, चपला घातल्या आणि गेला. न झालेल्या लग्नाच्या नावाने आम्ही त्याच्याकडे मागणी केली होती. आणि ते लग्न न होण्यात आमचाही वाटा होता. दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितले तर ती रागावली. "जें जालेंच ना, ताचो वांटो कसलो?" म्हणाली. तिचा राग आम्हांस पटला. त्याच्याशी बोललेले मात्र परत घेता येत नव्हते.

आठ दिवसांनी तो आला. घर तिने ठेवावे, आपणांस पंधरा लाख द्यावे. सहा लाख आता, नऊ लाख सवडीने. सत्तावीसच्या जागी पंधरा का, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. तिने मात्र विचारले. तो म्हणाला, "म्हाका भाट आसा." आणखी एक अट घातली: आईचा फोटो वसरीवर आहे तेथेच राहू द्यावा. तिने मान्य केले आणि आपली एक अट घातली: पैसे दरमहा दहा हजारांप्रमाणे नव्वद हप्त्यांत फिटतील, एकही हप्ता त्याने सोडून देता कामा नये. फुकट काही नको. त्या अटीवर ते दोघे अर्धा तास भांडले, आणि गेल्या कित्येक वर्षांत ती दोघे इतके मनापासून भांडली नसावीत असे आम्हांस वाटले.

सहा लाख तिने भविष्यनिर्वाह निधीतून उचलले. त्याचा अर्धा हिस्सा तिला विकल्याचा दस्त तयार झाला. त्या दस्ताचा मसुदा वाचताना आम्ही एका शब्दाशी थांबलो. गोव्यात विकणारा विवाहित असेल तर नवराबायको दोघांच्या सह्या लागतात, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे विवाहित की अविवाहित ते लिहावे लागते. वकिलाने दोघांच्याही नावांपुढे 'अविवाहित' लिहिले होते. दुसरे काय लिहिणार? तिने तो शब्द वाचला, त्याने वाचला. कोणीच दुरुस्ती सुचवली नाही.

विवाहाची नोंद आणि जमिनीची नोंद आमच्याकडे एकाच कचेरीत होते. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी आम्ही तिघे पुन्हा तेथेच जाऊन बसलो. बाक बदलला होता. आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. शेजारी मुंडावळ्यांचे ठसे कपाळावर असलेले एक कोवळे जोडपे बसले होते, तेही सहीसाठी आलेले. पहिली की दुसरी, हे विचारण्याची आम्हांस फार इच्छा झाली. विचारलेच. "दुसरी," मुलगी लाजून म्हणाली.

आमचा क्रमांक आला. छायाचित्रे झाली, अंगठ्याचे ठसे झाले, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या झाल्या. आम्ही साक्षीदार म्हणून सही केली. आजकाल हात थोडा कापतो, म्हणून कारकुनाने कागद धरून ठेवला. "जालें, मास्तर," तो म्हणाला.

"परत यावयाचे नाही ना? आणखी कोणाची सही उरली नाही?"

"ना. सगळें जालां."

तरीही आम्ही पाने पुन्हा उलटून पाहिली, पावती मागून घेतली, तारीख वाचली, आणि मग उठलो. समोरचे ते हॉटेल अजून आहे. तिघांनी चहा घेतला. ह्या खेपेस आम्ही काही बोललो नाही, आणि पैसे तिने दिले.